चार पॉइंट सतरा

"ही वायर कुठं जाते रे?" कोटगीरे सरांनी मला विचारलं. ओठ जेमतेम हलवून विचारलं, कारण शेजारी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर उभा होता.

"प्रिंटरच्या पोर्टात, सर. मागच्या बाजूला."

"ते ठाऊक आहे मला. खात्री करून घेतोय." असं म्हणून त्यांनी वायर हातात उचलून धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटो निघाला. टोक त्यांनी उलटं धरलं होतं, पण ते फोटोत कुणाला कळणार होतं?

डिसेंबर १९९७. जिल्ह्याच्या शालेय मैदानी स्पर्धांचा पहिला दिवस, सकाळचे आठ. मैदानावर फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेषा होत्या. शंभर मीटरची रेष जिथं संपत होती तिथं एका बाजूला मोटरसायकलचा जुना हेडलाइट बॅटरीला जोडून उभा केला होता. दुसऱ्या बाजूला आतून काळा रंगवलेला प्लास्टिकचा पाइप होता. त्याच्या तळाशी, उन्हाचा झोत लागणार नाही असा, शेंगदाण्याएवढा एक सेन्सर बसवला होता. त्याच्यावर उजेड पडत असला की तो गप्प असायचा. पळणाऱ्याची छाती मध्ये आली, उजेड तुटला, की तो बोलायचा. सुरुवातीच्या रेषेवर पंचांच्या हातात लाकडी क्लॅपर होता. त्याच्या दोन फळ्यांना आम्ही पितळेच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. फळ्या आपटल्या की पट्ट्या चिकटत आणि तिथून शंभर मीटर टेलिफोनच्या वायरीतून निरोप येई, सुटले. मांडवातल्या टेबलावर ठेवलेला संगणक सुटल्यापासून उजेड तुटेपर्यंतचा वेळ मोजे आणि पडद्यावर आकडा टाकी.

हे यंत्र मी आणि अन्वर शेखनं बनवलं होतं. मी व्यंकट सुरनर, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. अन्वर माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दोन पंचांच्या दोन घड्याळांवरून हाणामारी झाली, तेव्हा अन्वर म्हणाला होता, "माणसाचा अंगठा खोटा असतो यार. आपण अंगठाच काढून टाकू." तिथून पाच महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. संगणकाचं घड्याळ सेकंदाचे फक्त अठरा तुकडे करतं हे कळलं, त्या दिवशी अन्वर जेवला नव्हता. आम्हाला शंभर तुकडे हवे होते. वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून त्या घड्याळाच्या चिपला वेगानं टिकटिकायला कसं लावायचं हे त्यानं शोधून काढलं आणि मला उठवायला खोलीवर पळत आला. पळत आला आणि दारातच म्हणाला, "हजार! शंभर नाही व्यंक्या, हजार तुकडे होतात!"

जुलैत कोटगीरे सरांनी ते बघितलं. "चांगलं जमलंय. मी वर पाठवतो," म्हणाले. आम्हाला वाटलं, वर म्हणजे विद्यापीठात. सप्टेंबरात पेपरात फोटो आला, त्यात सर होते आणि आमचा पाइप होता. खाली लिहिलं होतं की प्राध्यापक कोटगीरे यांच्या संशोधनाला अध्यापकांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. आमची नावं कुठंच नव्हती.

अन्वर तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेला. मी दाराशी थांबलो. आजही सांगायला लाज वाटते, पण मी दाराशीच थांबलो.

"सर, आमची नावं राहिलीत."

"तुमची नावं?" सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "रेझिस्टर कशाशी खातात हे तुला कुणी शिकवलं? मी. मग त्या रेझिस्टरचं जे होईल ते कुणाचं?"

"ठीक आहे सर. मग एकदा चालू करून दाखवा की. सगळ्यांसमोर."

स्टाफरूममधले दोघंतिघं हसले. दिवाळीच्या आधी यादी लागली तेव्हा त्या हसण्याची किंमत कळली. उपस्थिती कमी म्हणून अन्वरला परीक्षेला बसता येणार नव्हतं, त्याचं वर्ष गेलं. कमी भरलेले सगळे तास सरांचेच होते आणि त्या तासांना आम्ही दोघं त्यांच्याच परवानगीनं प्रयोगशाळेत वायरी जोडत बसलेलो असायचो. माझी उपस्थिती मात्र पूर्ण भरली होती. अन्वरच्या वडिलांचा बांगड्यांचा गाडा होता. पोराला आणखी एक वर्ष शिकवायची त्यांची ताकद नव्हती. त्याला हैदराबादला मेहुण्याकडे फ्रिज दुरुस्तीला पाठवलं.

मी सोडायला गेलो, तेव्हा एसटीच्या खिडकीतून तो एवढंच म्हणाला, "तू गप राहा. तू पास हो."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. "व्यंकट, तू समजूतदार आहेस. जिल्ह्याच्या स्पर्धा आपल्या यंत्रावर व्हायच्यात. त्या दिवशी माझ्याजवळ थांब. तुझ्या मार्कांचं मी बघतो."

"थांबतो, सर," मी म्हणालो. जवळ थांबणं मलाही हवंच होतं.

त्याच आठवड्यात मी आमच्या प्रोग्राममध्ये अकरा ओळी वाढवल्या. स्पर्धेची छापील कार्यक्रमपत्रिका सरांनीच मला तपासायला दिली होती. प्रमुख पाहुणे, शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब, अकरा वाजता येणार होते आणि त्यांच्यासमोर पहिली धावायची ती सहावी शर्यत. माझ्या अकरा ओळी शर्यती मोजत बसणार होत्या. पाचपर्यंत सगळं सुरळीत. सहावीला उजेड तुटला की पडद्यावर खरा आकडा येणार नाही, चार पॉइंट सतरा येईल. शंभर मीटर चार सेकंदांत! घोडासुद्धा पळत नाही तसा. सगळं मैदान हसेल, साहेब विचारतील, आणि सरांना हात कुठं घालायचा तेच कळणार नाही. ते माझ्याकडे वळतील. वळले की काय म्हणायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. रोज अंघोळ करताना ते वाक्य मी म्हणून बघायचो.

खरा आकडा मात्र मला टाकून देववला नाही. त्या अकरा ओळींतली शेवटची ओळ तो आकडा गुपचूप एका फाइलीत लिहून ठेवी. का, ते मला सांगता येणार नाही. पाच महिने ज्या एका गोष्टीसाठी आम्ही झटलो, ती मोजून फेकून द्यायला हात धजला नाही, इतकंच.

सहाव्या क्रमांकापुढं पत्रिकेत लिहिलं होतं, 'मुली, १०० मीटर, अंतिम'. मी सहाचा आकडा वाचला. पुढचे शब्द वाचले असतील, पण मनात शिरले नाहीत.

सकाळच्या पाच शर्यती लोण्यासारख्या झाल्या. सर माईकवरून सांगत होते, "आज माणसाच्या हाताची चूक या मैदानावरून हद्दपार झाली आहे!" हातघड्याळवाल्या पंचांना त्यांनी घड्याळं खिशात ठेवायला लावली होती. मुख्य पंच जोगदंड सर जुन्या वळणाचे होते. ते कुरकुरले, "एक तरी असू द्या हो जोडीला." कोटगीरे सर हसून म्हणाले, "मग यंत्राचा उपयोग काय?"

मुलींच्या प्राथमिक फेरीनंतर एक खेळशिक्षक टेबलाशी आले. मळकट पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. गुट्टे सर म्हणून ओळख सांगितली. डोंगराकडच्या कुठल्याशा आश्रमशाळेतून चार मुलांना घेऊन आले होते.

"तीन नंबरच्या पट्ट्यातली, पहिली आली ती आमची सुमित्रा आडे. तिचे किती आले?"

"तेरा पॉइंट शून्य चार."

"नक्की शून्य चार ना? बारा काही तरी नसेल?"

"सर, यंत्र चुकत नाही," मी म्हणालो. जरा ताठ्यातच म्हणालो.

"बरं, बरं," असं म्हणत ते मुलीकडे गेले. ती लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. काळी, शिडशिडीत, पंधरा-सोळा वर्षांची. पायांत काही नव्हतं. गुट्टे सरांनी तिला काही तरी सांगितलं, तशी तिनं मान डोलावली आणि तळवे अंगठ्यानं दाबत बसली.

अकराला साहेब आले. हार, तुरे, भाषण झालं. मग कोटगीरे सरांनी त्यांना थेट आमच्या टेबलाशी आणलं, खुर्ची दिली आणि स्वतः कीबोर्डपुढं बसले. मला त्यांनी मागं उभं केलं. "हे सगळं विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी, साहेब. घरचा पैसा घालून केलं," ते म्हणाले. टेबलावरचा माईक चालूच होता. त्यांना तो बंद करायचा नव्हता.

सहावी शर्यत. सहा मुली वाकल्या. क्लॅपर वाजला आणि पडद्यावर आकडे धावायला लागले.

मी पळणाऱ्या मुलींकडे बघत नव्हतो, सरांच्या मानेकडे बघत होतो. मानेवर तेल चोपडलेले केस बसवलेले, कॉलर कडक इस्त्रीची. आता काही क्षणांत ही मान माझ्याकडे वळणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लोक ओरडत होते. कुणी तरी "आली, आली, काळी आली!" म्हणत होतं. उजेड तुटला.

चार पॉइंट सतरा.

मांडवातलं एक पोरगं मोठ्यानं वाचून म्हणालं, "चार सेकंद!" आणि हशा असा उसळला की माईकमधून तो आम्हालाच परत ऐकू आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्राध्यापक, हे काय?"

"हे... म्हणजे साहेब, एखादा पक्षी मध्ये आला असेल. उजेडात." सरांनी एक कळ दाबली. दुसरी दाबली. मग सकाळची तीच वायर उपसून काढली आणि भलत्याच ठिकाणी लावायला लागले. ती बसेना. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला, तो कॉलरपर्यंत गेला आणि इस्त्रीत शिरला. मी तो ओघळ सबंध बघितला. तुम्हाला खरं सांगू? अन्वर गेल्यापासून इतका गोड क्षण माझ्या वाट्याला आला नव्हता.

मान वळली.

"व्यंकट. बघ रे जरा. काय झालंय?"

"मी काय बघणार, सर?" मी म्हणालो. आवाज अगदी नम्र होता, तो मी घोटून ठेवला होता. "यंत्र तुमचं आहे. तुम्हीच बघा."

साहेब माझ्याकडे बघू लागले, मग सरांकडे. मांडवात कॉलेजची माणसं होती, स्टाफरूममध्ये हसलेले दोघं होते. ते आता हसत नव्हते, एकमेकांकडे बघत होते. सरांच्या हातात वायर तशीच लोंबत होती. एवढंच मला हवं होतं. ते मिळालं, आणि पुढं काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

जोगदंड सर पुढं झाले. "झालं तेवढं पुरे. मुलींना पुन्हा पळवा. अर्ध्या तासानं. घड्याळं काढा रे खिशातली."

"पुन्हा?" गुट्टे सर मैदानातून धावत आले. "अहो, कशाला पुन्हा? पोरगी चार हातांनी पुढं होती. सगळ्यांनी बघितलंय!"

"पहिला नंबर तिचाच धरू हो. पण वेळ? वेळ लिहायला नको का?"

"वेळेसाठीच तर..." गुट्टे सर बोलता बोलता थांबले. त्यांनी मागं बघितलं. सुमित्रा रेषेच्या पलीकडं गुडघ्यांवर बसून उलटी करत होती. जीव तोडून पळणारी माणसं शर्यतीनंतर ओकतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, सकाळचं काही बाधलं असेल.

त्या अर्ध्या तासात मला तोंड उघडता आलं असतं. पण समोर कोटगीरे सर खुर्चीत बसून रुमालानं मान पुसत होते, साहेब त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि मला ते दृश्य सोडून कुठं जावंसं वाटेना. मनाशी म्हणालो, पळेल की ती पुन्हा. एवढी पुढं होती, पुन्हाही पहिली येईल. मग कुणाचं काय बिघडलं?

ती पहिलीच आली. बारा वाजून गेले होते, माती तापली होती. या वेळी मी बघत होतो. शेवटच्या वीस मीटरांत तिचा उजवा पाय जमिनीवर पूर्ण टेकत नव्हता. रेष ओलांडून ती थांबली तेव्हा फक्कीच्या पांढऱ्यावर तिच्या टाचेचा लाल ठसा उठला होता. फोड फुटला होता.

तीन पंचांनी घड्याळं एकमेकांना दाखवली. जोगदंड सरांनी लिहिलं, तेरा पॉइंट दोन.

गुट्टे सर टेबलाला हात टेकून उभे राहिले. टोपी काढून त्यांनी त्याच टोपीनं तोंड पुसलं आणि ती परत डोक्यावर ठेवली. "गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं, सर?" मी विचारलं.

"राज्याचं निवासी शिबिर असतं, बाबा. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथंच. जिल्ह्यातून जी पोरगी तेराच्या आत पळेल तीच घेतात. पहिला नंबर येऊन भागत नाही. तेराच्या आत पाहिजे. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही." मग हळूच म्हणाले, "आणि पुढच्या वर्षापर्यंत घरचे ठेवतायत कशाला? सोयरीक बघायलेत."

मी कीबोर्डपुढं बसलो. कोटगीरे सर खुर्चीतून अर्धवट उठले. मी फाइल उघडली. पडद्यावर एकच ओळ आली.

१२.८६

"जोगदंड सर," मी हाक मारली. "इकडे या. खरी वेळ इथं आहे. बारा पॉइंट आठ सहा."

ते आले. साहेबही उठून आले. गुट्टे सर पडद्यावर इतके वाकले की त्यांच्या टोपीनं अर्धा आकडा झाकला.

"हा कुठून आला?" जोगदंड सरांनी विचारलं.

आता मागं फिरणं नव्हतं. मी सगळं सांगितलं. अकरा ओळी, सहावी शर्यत, चार पॉइंट सतरा. एकही गोष्ट लपवली नाही. "मी मुद्दाम केलं, सर. यंत्रात दोष नाही. यंत्रानं तिची वेळ बरोबर धरलीय. फक्त दाखवली नाही."

जोगदंड सरांना राग आला नाही. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसासारखंच त्यांनी विचारलं, "म्हणजे या पडद्यावर तुला पाहिजे तो आकडा तू आणू शकतोस. खरं की नाही?"

"हो. पण..."

"मग चार पॉइंट सतरा तू आणलास, तसा हा बारा पॉइंट शहाऐंशी तू आत्ता आणला नाहीस कशावरून?"

मी पुन्हा फाइल उघडून दाखवली, ओळी दाखवल्या. इंग्रजी अक्षरं आणि कंस. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळावं अशी अपेक्षाही नव्हती. माझं यंत्र खोटं बोलू शकतं हे मीच सगळ्या मैदानाला पटवून दिलं होतं.

"सकाळी हिची वेळ तेराच्या वर होती," दुसरा एक पंच म्हणाला. "आत्ताही तेराच्या वरच आली. मधलीच बरी बाराची?"

गुट्टे सर मध्ये पडले. "अहो, प्राध्यापकांना विचारा की! यंत्र त्यांचं. त्यांनी सांगितलं की आकडा खरा आहे, तर संपलं. लेखी घ्या त्यांच्याकडून."

सगळे वळले. साहेब म्हणाले, "बोला कोटगीरे. तुम्ही बनवलंय. या ओळी वाचून सांगा. हा आकडा शर्यतीच्या वेळी पडलाय की आत्ता?"

त्या ओळी काही फार अवघड नव्हत्या. दुसऱ्या वर्षाच्या पोराला सांगता आलं असतं. फाइलीपुढं तारीख आणि वेळही होती, अकरा वाजून एकतीस मिनिटं. कोटगीरे सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना ते वाचता आलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाम पुसला गेला होता. कॉलर त्यांनी सारखी केली आणि माईकच्या जरासे जवळ सरकून बोलले. प्रत्येक शब्द मैदानाच्या चारी कर्ण्यांतून ऐकू गेला.

"साहेब, आता लपवण्यात अर्थ नाही. हे यंत्र मी बनवलेलं नाही. या मुलानं आणि त्याच्या एका मित्रानं बनवलंय. पहिल्या वायरीपासून शेवटच्या ओळीपर्यंत यांचंच आहे. मी फक्त नाव लावलं. त्यामुळं यातला कुठला आकडा खरा आणि कुठला खोटा, ते मी कसं सांगणार? त्याचं तोच जाणे."

तीन महिने हेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तडफडत होतो. स्वप्नात ते स्टाफरूममध्ये म्हणायचे. इथं तर सबंध जिल्ह्यासमोर म्हणाले, मित्रासकट म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत मी काय बघितलं ते सांगतो. ते हरलेले नव्हते. आपल्याबरोबर माझा तो खरा आकडाही बुडतोय हे त्यांना पुरतं कळलं होतं.

जोगदंड सरांनी नोंदवही मिटली. "तेरा पॉइंट दोन," ते म्हणाले. "माफ करा, गुट्टे सर. मला डोळ्यांना दिसेल तेच लिहिता येतं."

पुढचं थोडक्यात सांगतो. मला कॉलेजनं एक वर्ष काढून टाकलं. कोटगीरे सरांचं पारितोषिक परत घेतलं गेलं. उन्हाळ्यात ते नोकरी सोडून गेले. कुठं गेले त्याची मी चौकशी केली नाही. अन्वरला मी फोनवर सांगितलं, तेव्हा तो दुकानात सगळ्यांना ओरडून सांगायला लागला की माझं नाव माईकवर घेतलं. त्याचा तो आनंद मी त्याला पुरता घेऊ दिला. बाकीचं त्याला सांगायला मला चार वर्षं लागली. आज मी पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. पट्ट्यावरून सरकणारे खोके मोजणारे सेन्सर बसवतो. तिथं उजेड तुटला की एक खोका पुढं जातो.

पण त्या दिवशी चार वाजता सामान आवरून झाल्यावर मी मैदानाबाहेर गेलो. रस्त्याच्या कडेला एक काळीपिवळी जीप भरत होती. मागच्या बाकड्यावर आश्रमशाळेची चार पोरं दाटीवाटीनं बसली होती. सुमित्रा कडेला होती. टाचेला फडकं बांधून तिनं तो पाय जीपच्या बाहेर मोकळा सोडला होता. गुट्टे सर ड्रायव्हरशी बोलत होते. त्यांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय म्हणायचं ते घोटलेलं नव्हतं.

"तू बारा पॉइंट आठ सहामध्ये पळालीस," मी म्हणालो. "कुणी लिहिलं नाही, पण ते खरं आहे. माझ्या यंत्रानं धरलंय."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"पळणाऱ्याला कळतं की. पाय खाली लागतच नव्हते तवा." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. ती विचार करत होती. "तुमच्या सरांनी तुमचं काय तरी चोरलं, म्हणून केलं ना तुम्ही?"

"हो."

"मला ओळखत होता का?"

"नाही. मी तुझं नावही वाचलं नव्हतं. राग तुझ्यावर नव्हता गं. तुझ्याशी त्याचा काही संबंधच नव्हता."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. गुट्टे सर पुढं चढले. सुमित्रानं दोन्ही हातांनी उचलून दुखरा पाय आत घेतला आणि बाकड्याखाली नीट ठेवला.

"पण पळाले तर मीच ना," ती म्हणाली.